परतीची मुदत

तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर मावशी, पाठ फिरली की कात्री, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. मावशी म्हणणाऱ्याला ती लगेच विचारायची की बाबा रे, तुझी आई माझी बहीण कधीपासून झाली, मला तर बहीणच नाही. समोरचा ओशाळून हसायचा आणि आपली उसवलेली पँट मुकाट्यानं टेबलावर ठेवायचा. बायकांचे कपडे शिवायचे, सैल झालेले आत घ्यायचे, घट्ट झालेले सोडायचे, चेन बदलायच्या, हा तिचा धंदा. दुकान म्हणजे एका लांबट खोलीचा पुढचा अर्धा भाग. मधे पडदा, पडद्यामागे पलंग, शेगडी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवली की कुणीतरी येऊन बसतं, म्हणून ती ठेवलीच नव्हती.

हाताला तोड नव्हती आणि जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाईक बाई आरशासमोर उभी राहून म्हणायची, कंबरेत जरा घट्ट वाटतंय का हो? कात्री तोंडातल्या टाचण्या न काढता सांगायची की कपडा आहे तिथंच आहे, कंबर निघालीय फिरायला. बाई रागावून जायची आणि पुढच्या महिन्यात परत यायची, कारण तसं बसतं शिवणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं. लोकांना अपमान परवडतो, झोळ पडलेली बाही परवडत नाही. कात्रीला हे माहीत होतं आणि म्हणूनच ती माणसांना काडीची किंमत देत नसे.

दर रविवारी मात्र ती चर्चला जायची. का जायची, ते तिलाच विचारा. कुणी विचारलंच तर म्हणायची, घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा इथं बसून तुमची थोबाडं बघते. शेवटचं बाक, भिंतीकडचा कोपरा. तिथून सगळी मंडळी पाठमोरी दिसायची. कुणाची कॉलर विटली, कुणाचा झगा शिवणीवर ताणलाय, कोण कुणापासून दोन बाकं लांब बसलंय, सगळं तिला तिथून कळायचं. प्रवचनाकडे लक्ष असायचं की नाही कोण जाणे, पण एक दिवस मात्र ती कान देऊन ऐकायची, आणि तो म्हणजे लेकरांचा रविवार.

हा त्या मंडळीचा जुना रिवाज. वर्षातून एकदा पाळक दत्तकपणावर बोलायचे. चर्चच्या मागेच मंडळीनं चालवलेलं बालगृह होतं, आणि त्या वर्षात तिथून ज्यांनी मूल घरी नेलं असेल ते नवराबायको मुलाला घेऊन पुढं उभे राहायचे. मुलाच्या अंगावर नवे पांढरे कपडे. मग सगळी मंडळी उठून एका सुरात म्हणायची, हे लेकरू आमचं. डोळे पुसले जायचे, नाकं शिंकरली जायची, आणि मागच्या हॉलमध्ये चहा व्हायचा. ते पांढरे कपडे वर्षानुवर्षं कात्रीच शिवत आली होती.

प्रवचनही तेच असायचं, फक्त पाळक बदलायचे. आपण सगळे पोरके होतो, वाऱ्यावर सोडलेले होतो. देवानं आपल्याला पोटाशी घेतलं, आपलं नाव दिलं, आपल्या घरचा वारसा दिला. आता आपण त्याचे नोकर नाही, पाहुणे नाही, लेकरं आहोत, आणि लेकरासारखं त्याला बापा म्हणून हाक मारू शकतो. हे ऐकून पुढच्या बाकावरच्या बायका गहिवरायच्या. कात्री नाकातून फुस्स करायची. पोरके म्हणे! यातल्या एकेकीला आईनं दहा वर्षांची होईतो हातानं भरवलंय, आणि आल्यात इथं पोरकं व्हायला. पोरकं होणं काय असतं ते यांना प्रवचनात ऐकायला छान वाटत होतं.

कारण ती स्वतः त्याच बालगृहातली. सहाव्या वर्षी तिला एका मास्तरांच्या घरी नेलं होतं. तिलाही पांढरा फ्रॉक मिळाला होता आणि तिच्यासाठीही मंडळी उभी राहिली होती. आई म्हण, बाबा म्हण, असं सांगितलं. तिनं म्हटलं. दोन वर्षं जीव तोडून म्हटलं. मग मास्तरीणबाईंना दिवस गेले, स्वतःचं बाळ झालं, आणि एका सकाळी हिच्या पायात नवे बूट चढवले. हिला वाटलं कुठंतरी गाडीनं जायचंय. बालगृहाच्या फाटकाशी बाईंनी तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि शहाण्यासारखी राहा म्हणाल्या. त्या अजिबात रागावल्या नव्हत्या. हेच तिला पुढं आयुष्यभर सलत राहिलं. आपण काही वाईट केलं असतं तर गोष्ट वेगळी, पण इथं तर कुणी साधा आवाजसुद्धा चढवला नव्हता.

तेव्हापासून देवाच्या दत्तकपणाचा विषय निघाला की कात्रीचं एकच म्हणणं. आणायचं ठीक आहे, पण परतीची मुदत किती, ते आधी सांगा.

आता चष्मेवाल्याकडे येऊ. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस इतका गोड बोलायचा की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. बायको त्याच्यावर ताण. दोघांना मूल नव्हतं आणि त्याचं त्यांना फार दुःख होतं असंही नाही. घर कसं काचेच्या कपाटासारखं लख्ख ठेवलेलं. पण चष्मेवाल्याला मंडळीचा वडील व्हायचं होतं. कारभार बघणाऱ्या चार-पाच जणांना तिथं वडील म्हणत, आणि त्यांना पुढच्या बाकावर जागा असे. कुणीतरी कुजबुजलं की ज्याच्या घरात लेकरू नाही, तो मंडळीचा वडील कसला? झालं. त्या वर्षी चष्मेवाला नवराबायको बालगृहात गेले आणि आठ वर्षांची एक मुलगी घेऊन आले. मंडळीनं वाहवा केली. एवढी मोठी मुलगी नेली, किती मोठं मन! वडिलांची नावं त्या वर्षी लेकरांच्या रविवारीच जाहीर होणार होती, आणि चष्मेवाल्याचं नाव पक्कं समजलं जात होतं.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात चष्मेवाली मुलीला घेऊन दुकानात आली. फ्रॉकचं माप द्यायचं होतं. तिनं मुलीचं नाव बदलून परी ठेवलं होतं. परी, इकडं ये बाळा. परी, स्टुलावर चढ बाळा. मुलगी त्या नावाला वळून बघत नव्हती, खांद्याला हात लागला की हलत होती. हडकुळी, डोकं मोठं, आणि उभी केली तिथं ताठ रुतून उभी. कात्रीनं मनातल्या मनात तिचं नाव टाचणी ठेवून टाकलं. टेप छातीभोवती गेली तेव्हा तिच्या खिशात काहीतरी कुरकुरलं. ब्रेडचा वाळका तुकडा होता. कात्रीनं तो पाहिला, मुलीनं कात्रीनं पाहिलेलं पाहिलं, आणि कात्री पुढचं माप घेऊ लागली.

वाढत्या मुलांच्या कपड्यात कात्री नेहमी घेराला चांगलं वीतभर कापड आत दुमडून ठेवायची. मूल वाढलं की उसवून खाली सोडायचं, दोन वर्षं निघतात. तसं ती म्हणाली, तर चष्मेवाली हसून उत्तरली, "नको हो, उगीच जाड दिसतं. बेताचंच करा. पुढच्या वर्षी कुठं लागणार आहे?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. कात्रीनं मुलीला कपडे बदलायला पडद्यामागे धाडलं आणि विचारलं, का लागणार नाही? मग चष्मेवालीनं डोळ्यांना रुमाल लावून सगळं सांगितलं. मुलगी आमच्यात बसतच नाही हो. जेवण लपवते, उशीखाली ब्रेड ठेवते, मुंग्या होतात. हसत नाही, जवळ येत नाही. आम्ही एका शब्दानं कधी तिला दुखावलं नाही, सारखं बाळा बाळा करतो, पण तिच्याकडून काहीच येत नाही. यांना तर दुकानातून आल्यावर घरात शांतता लागते. खूप प्रार्थना केली, शेवटी मनाला शांती मिळाली की हे आपल्यासाठी नाही. सोमवारी सोडून येणार आहोत. रविवार तेवढा होऊ दे, सगळं ठरलेलं आहे, लोक काय म्हणतील. आणि मावशी, हे तुमच्या पोटात ठेवा.

कात्रीनं एवढंच विचारलं की पोरीला माहीत आहे का. चष्मेवाली म्हणाली, नाही नाही, मुलांचं मन नाजूक असतं, रविवारी संध्याकाळी नीट समजावून सांगू.

त्या दुपारी कात्री कुणाला वाकडं बोलली नाही. शेजारचा चांभार दोनदा डोकावून गेला, त्याला वाटलं बाई आजारी आहे. ती मशीनवर बसून पांढरं कापड शिवत होती आणि तिच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. मनाला शांती मिळाली म्हणे! मुलीचं जेवण उशीखाली का जातं, हा साधा प्रश्न या बाईला पडला नव्हता. तिला मुंग्या दिसल्या होत्या. रागाच्या भरात कात्रीनं घेराला वीतभर कापड दुमडून आत शिवलंच. दिसू दे जाड.

दुसऱ्या दिवशी ती पाळकांकडे गेली. पाळक म्हणजे सज्जन माणूस. कुणालाच दुखवायचं नाही हा त्यांचा बाणा, आणि असल्या माणसाइतकं निरुपयोगी जगात दुसरं काही नसतं. चर्चला लागून त्यांची छोटी खोली होती. टेबलावर प्रवचनाची तयारी पसरलेली, बाजूला गार झालेला चहा. कात्रीनं आडपडदा न ठेवता सांगितलं. पाळकांना आधीच माहीत होतं. चष्मेवाल्यानं त्यांचा सल्ला घेतला होता. फार नाजूक प्रसंग आहे, ते म्हणाले. त्या दोघांनाही यातना होताहेत. नियमानं पहिलं वर्ष एकमेकांना पारखून बघण्याचंच असतं, तेव्हा यात चुकीचं असं काही नाही. आपण कुणाचा न्याय करू नये.

"मग रविवारी त्यांना पुढं का उभं करताय?"

ठरलेला कार्यक्रम आहे, पाळक म्हणाले. आयत्या वेळी बदलला तर नाही नाही त्या शंका निघतील, मुलीलाच त्रास होईल.

"आणि तुम्ही सांगणार की देव एकदा लेकरू म्हणाला की परत करत नाही."

"देवाचं दत्तक घेणं वेगळं आणि माणसांचं वेगळं, मावशी."

"वेगळं आहे तर दर वर्षी माणसांची पोरं कशाला उभी करता तिथं? देवालाच करा की उभं."

पाळक दुखावले. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना करू या का असं विचारलं. कात्री डोळे उघडे ठेवूनच बाहेर पडली.

रविवारी चर्च भरलं होतं. चष्मेवाल्यानं राखाडी सूट घातला होता, तो पाठीत चुकलेला होता आणि तो कात्रीनं शिवलेला नव्हता. टाचणी दोघांच्या मधे उभी होती. फ्रॉक अंगावर उत्तम बसला होता, घेर जरा जड पडत होता एवढंच. पाळकांनी तेच प्रवचन केलं, आणि आवाजही तिथंच कापरा केला जिथं दर वर्षी व्हायचा. देवानं ज्याला आपलं म्हटलं त्याला तो कधीही टाकत नाही, म्हणाले. हे वाक्य म्हणताना त्यांनी शेवटच्या बाकाकडे मात्र पाहिलं नाही. मग मंडळी उठली. आता सगळे म्हणणार, हे लेकरू आमचं.

कात्री उठली ती बाकात थांबली नाही, मधल्या वाटेत आली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण दुकानात सगळ्यांनी तो सोसलेला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

"जरा थांबा. हे लेकरू उद्या सकाळी परत जाणार आहे. चष्मेवाल्यांना विचारा. पाळकांना विचारा, त्यांनाही ठाऊक आहे. आमचं आमचं म्हणायच्या आधी एवढं माहीत असू द्या."

चष्मेवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. पुढच्या बाकांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. आणि कात्रीला, खोटं कशाला बोला, गोड लागलं ते. किती वर्षांचं साचलेलं होतं. एकेका पाठीकडे बघत वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं तिनं तीन-चार वाक्यांत त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. ते गोड लागणं संपायच्या आत तिची नजर मुलीवर गेली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण हे सगळं तिच्यासमोर बोललो. तिला न विचारता, भर चर्चमध्ये. मास्तरीणबाईंनी निदान फाटकापर्यंत तरी नेलं होतं.

मुलगी रडली नाही. ती कात्रीकडे बघत होती. आणि मग, एखाद्या मोठ्या माणसाची चूक सुधारावी तशा आवाजात ती म्हणाली, "मला माहितीये. त्या दिवशी पडद्यामागं ऐकू आलं होतं. मी पुढं उभी राहणार नव्हते. पण आज नीट उभी राहिले तर फ्रॉक माझ्याकडेच ठेवू देणार आहेत."

चष्मेवाली रडायला लागली, ती स्वतःसाठी. चष्मेवाला चष्मा पुसू लागला. पाळकांनी घाईघाईनं गाणं सुरू करायला सांगितलं आणि सगळ्यांनी सुटलो म्हणून जीव खाऊन गायलं. त्या दिवशी वडिलांची नावं जाहीर झाली नाहीत. पुढच्या वर्षी झाली, आणि चष्मेवाल्याचं नाव त्यात होतं. लोकांना विसरायला काय लागतं! उलट पुष्कळांचं म्हणणं असं पडलं की झालं ते वाईट झालं, पण कात्रीनं तमाशा करायला नको होता.

आणि त्यांचं हे म्हणणं कात्रीला खोडता येईना. रात्रभर तिला स्वतःची किळस वाटत राहिली. जगाला नावं ठेवण्यात तिचा जन्म गेला होता, पण आपलं नाव त्या यादीत घालायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. सोमवारी दुपारी ती बालगृहात गेली. कशाला गेली ते तिला सांगता आलं नसतं. माफी मागायला म्हणावं, तर ती कशी मागतात ते तिला येत नव्हतं.

बालगृहाच्या बाई रूक्ष, कामाच्या धबडग्यातल्या. त्यांनी कात्रीला बसा म्हटलं नाही. मुलगी आत होती, सकाळीच आणून सोडली होती, फ्रॉकसकट. बाई म्हणाल्या, तुम्ही बोललात ते खरं होतं, पण आता हिला कोण नेणार? सगळ्या मंडळीनं पाहिलं. परत आलेलं मूल म्हणून हिच्याकडे लोक बोट दाखवतील आणि शेजारचं मूल नेतील. तुम्हाला बोलून मोकळं व्हायला काय झालं?

"मी नेते," कात्री म्हणाली.

आता इथं कुणाला वाटेल की तिच्या पोटात माया दाटून आली. छे. तिला राग आला होता. चष्मेवाल्यावर, पाळकांवर, या बाईवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. आणि त्या रागाच्या भरात ती बोलून गेली. मग शब्द मागे घेईल ती कात्री कसली. बाईंनी सांगितलं, वय झालंय तुमचं, एकट्या आहात, आणि तुमची जीभ सगळ्यांना माहीत आहे. कात्री म्हणाली, तुमच्या गोडबोल्यांकडे पाठवून पाहिलीत ना? बाईंनी रजिस्टर पुढं ओढलं. शेवटी, वर्षभर पारखून बघा, नाही जमलं तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि कात्रीच्या चेहऱ्याकडे बघून वाक्य अर्धंच सोडून दिलं.

असं ते ध्यान घरी आलं. कात्रीनं दुसरी खुर्ची आणली. पलंगाला लागून एक खाट टाकली. आणि मग गंमत बघा, दोघीही अशा काही शहाण्यासारख्या वागायला लागल्या की बघवेना. टाचणी सकाळी उठवायच्या आत उठायची, खाली सांडलेले धागे गोळा करायची, पाणी पिऊ का म्हणून विचारायची. ताटात पडेल ते मुकाट्यानं खायची आणि तुकडा खिशात जायचाच. कात्रीला ते शहाणपण ओळखीचं होतं. मास्तरांच्या घरी दोन वर्षं तिनं तेच केलं होतं. पाहुण्याचं शहाणपण ते. घरचं मूल असं कधी वागत नाही, आणि कात्री तर त्याला मुळीच फसणार नव्हती. पण त्यावर करायचं काय, ते तिला कळेना.

तिनं आपली जीभ आवरली. हो, कात्रीनं! मुलगी बिचकेल म्हणून ती हळू बोलायची. एकदा तर तिच्या तोंडून बाळा निघालं आणि तिला स्वतःलाच शिसारी आली. मुलीनं दूध सांडलं तर असू दे म्हणाली. मुलीसमोर गिऱ्हाईकांनाही टोचून बोलेना, तशा गिऱ्हाईक बायका घाबरल्या, हिला काही आजार तर नाही ना. चांभार म्हणाला, कात्री बोथट झाली. महिने असे गेले. त्या लांबट खोलीत दोन परकी माणसं एकमेकींना न दुखवता राहत होती, चष्मेवाल्याच्या घरातल्यासारखी.

मग तो झगा आला. डॉक्टरीणबाईंचा, गर्द निळ्या रेशमाचा, लेकीच्या लग्नात घालायचा. कापड इतकं अवघड की कात्रीनं त्यावर आठवडा घातला होता. ती दाराशी एका गिऱ्हाइकाला कपडे देत होती. आत वळून पाहते तर टाचणी टेबलापाशी उभी, हातात मोठी कात्री, आणि झग्याचा पुढचा भाग कमरेपासून खालपर्यंत कापलेला. चुकून लागलेली कात्री वाकडी जाते. हा काप सरळ होता, हळूहळू आणि विचार करून घातलेला.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं कात्री टेबलावर ठेवली. पडद्यामागे गेली, आपली पिशवी घेऊन आली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. पिशवी भरलेली होती. ती आत्ता भरलेली नव्हती, भरूनच ठेवलेली असणार. ती कात्रीकडे बघत वाट बघत होती, कधी एकदा ही गोड आवाजात बोलते आणि संपतं सगळं.

कात्रीनं झगा उचलला, पाहिला, आणि तिचा बांध फुटला.

"अगं भवाने! डोळे कुठं गेले होते तुझे? आठवडाभर कमरेचा काटा ढिला करून शिवला मी हा, आणि तू उभा चिरलास? तुला काय वाटलं, मी गप्प बसेन? मी आज बोलेन, उद्या बोलेन, तू माझ्याएवढी झालीस तरी बोलेन. तुझ्या लग्नात तुझ्या नवऱ्याला सांगेन की या अवदसेनं डॉक्टरीणबाईंचा झगा कापला होता. तुझी पोरं झाली की त्यांना सांगेन. मरताना जीभ उचलली तर तेव्हाही हेच ऐकवीन तुला! आणि तो ब्रेड खिशात कोंबतेस ना रोज, बुरशी येते त्याला मूर्खे, डब्यात ठेवत जा, डबा काय मी चाटायला ठेवलाय का? आणि ही पिशवी घेऊन कुठं निघालीस? हे निस्तरणार कोण, तुझा आजा?"

आवाज सगळ्या गल्लीत गेला. चांभार हातातली चप्पल घेऊनच धावत आला. दाराशी पिशवी धरून उभी पोर पाहून तो मधे पडला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "जाऊ द्या मावशी, असं बोलू नये. शेवटी परक्याचं लेकरू आहे."

कात्री त्याच्यावर उलटली.

"परक्याचं कुणाला म्हणतोस रे? माझी पोर आहे. मी तिला वाटेल ते बोलेन. तू चपला शिव जा."

चांभार जायला वळला, आणि त्याच्या मागून, दाराशी उभ्या असलेल्या त्या हडकुळ्या पोरीचा आवाज आला. त्या घरात तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मग मोठी कात्री अशी उघड्यावर कशाला ठेवतेस? मला म्हणतेस वस्तू जागच्या जागी ठेव, आणि तू?"

चांभार चप्पल पोटाशी धरून पळाला.

"उलट बोलतेस?" कात्रीनं विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. मोठ्यानं, नाक वाहीपर्यंत, चर्चमध्ये न आलेलं सगळं. कात्रीला रडणारं माणूस सांभाळायचा सराव नव्हता. तिनं हातातला कापला गेलेला झगाच तिच्या नाकाला लावला, तसंही त्याचं आता वाटोळंच झालं होतं.

"रडून झालं की इकडं ये," ती म्हणाली. "याला मधोमध दुसऱ्या रंगाची पट्टी घालावी लागणार. फाडलायस तू, तेव्हा टाके तूच घालायचेस, आणि वाकडे घातलेस तर पुन्हा उसवायला लावीन."

पोरीनं पिशवी तिथंच दारात टाकली आणि नाक पुसत सुई शोधायला लागली. सुई कुठं ठेवलीस म्हणून कात्रीवरच डाफरली.